अक्का, तुझ्या गाडीचं ऑईल मी बदललं

अक्का,

तुझी शोकसभा पार्किंगमध्येच ठेवली होती. खाली सतरंजी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर तुझा फोटो आणि त्याला झेंडूचा हार. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी अनिलराव माईक हातात घेऊन म्हणाले, "अक्का म्हणजे स्वावलंबनाचं मूर्तिमंत उदाहरण होत्या."

मी पहिल्या रांगेत होते. तोवर मला रडू येत होतं. ते वाक्य ऐकलं आणि डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथं आटलं. ज्या फरशीवर तुझ्या फोटोचं टेबल मांडलं होतं, त्याच फरशीवर तुला स्वतःच्या गाडीला हात लावायची बंदी ह्याच माणसानं केली होती. आणि आता तू स्वावलंबनाचं उदाहरण!

लोक मला सांगतात, कुसुमताई, राग सोडा, गेलेल्या माणसाला त्रास होतो. तुला त्रास होत असेल तर होऊ दे. तू मला कमी त्रास दिलास का? सकाळी चहाचं आधण ठेवून, "आलं किसून दे गं," म्हणालीस, आणि मी आलं किसून वळले तोवर तू ओट्याशी खाली बसली होतीस. अशी जातात का माणसं? निम्म्या भांडणातून?

आपलं भांडण चालूच होतं, अक्का. तू उत्तर दिलं नाहीस.

मी पाचगणीहून तुझ्याकडे सांगलीला राहायला आले तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, दोघी बहिणी एकमेकींना सोबत. मी जन्मभर बोर्डिंग शाळेत मेट्रन. मुलांची अंथरुणं, मुलांच्या वेळा, मुलांचा ताप. तू फौजी सुभेदाराची बायको, दाजींबरोबर निम्मा देश हिंडलेली. दाजी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होते. ते गेले आणि त्यांच्यामागं ती पांढरी छोटी गाडी राहिली. तुझा रणजित पुण्याहून सारखा म्हणायचा, आई विकून टाक, रिक्षा करत जा. तू म्हणायचीस, "रिक्षावाला मला सांगणार कुठनं वळायचं? मी न्हाई बाई."

तू चांगली नव्हतीस, हे शोकसभेत कुणी बोललं नाही. तू भांडखोर होतीस. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, टीव्हीवरच्या माणसांशीसुद्धा. माझ्या बोलण्याला नावं ठेवायचीस. "लय पाचगणी झालीस तू. 'नाही' म्हणतीस, 'आहे' म्हणतीस. आई आली असती वर्नं तर तुला वळखली नसती." मी कपड्यांच्या घड्या घातल्या की मोडून परत घालायचीस. मी आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात परत जायचं ठरवलं होतं, हे तुला माहीत नाही.

मी राहिले त्या गाडीमुळं.

एका सकाळी खाली आले तर तू विटांवर चढवलेल्या गाडीखाली कमरेपर्यंत गेलेली. फक्त पाय बाहेर. लुगड्याचा ओचा खोचलेला, एक चप्पल इकडं, एक तिकडं. माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. खालून तुझा आवाज आला, "वरडू नगंस. बोल्ट ढिला करतीया." दाजी असंच खाली जाऊन चेंबरचा बोल्ट काढून ऑईल सोडायचे, म्हणून तूही जात होतीस. बाहेर यायला मात्र तुला माझे दोन्ही हात लागले. गुडघे सुजले होते. मी तुला त्या दिवशी जे बोलले ते शाळेतल्या कुठल्या मुलालाही बोलले नव्हते. वीट फुटली असती तर? विटेवर गाडी ठेवतात का? तू धूळ झटकत होतीस आणि हसत होतीस. "घाबरली आमची मेट्रन."

मी जेवणच सोडलं. ऐकायचीस कुठली. पण तिसऱ्या दिवशी स्वतःच मोबाईल घेऊन आलीस. "हे बघ. खाली जायाचं कामच न्हाई. वर्नंच वडायचं." त्यात एक माणूस ऑईल बघायची पट्टी काढून तिच्या भोकातून बारीक नळी आत सोडत होता, आणि पंपानं इंजिनचं सगळं काळं ऑईल वरून ओढून घेत होता. तू पंप मागवलास. फवारणीच्या पंपासारखाच, खाली डबा, वर दट्ट्या, बाजूनं नळी. तू तो दाजींच्या जुन्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलास.

पहिल्या खेपेला किती फजिती! इंजिन जरा गरम करून बंद केलंस, कारण गार ऑईल घट्ट असतं, नळीतून चढत नाही. नळी आत सरकवलीस. दट्ट्या मारत सुटलीस. नुसती हवा. दम लागला, घाम आला. कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. मग मी म्हटलं, नळी तळाला टेकलीच नसेल, आणखी ढकल. "तुला काय कळतंय," म्हणत ढकललीस, आणि नळीतून काळा धागा वर चढायला लागला. हळूहळू. साखरेच्या पाकासारखा. आपण दोघी बॉनेटवर वाकून बघत बसलो. शेवटी तळाशी आल्यावर नळी गुरगुर करते, तशी करायला लागली. तू नळी थोडी वर घेतलीस, फिरवलीस, परत खाली टेकवलीस, आणि राहिलेलंही ओढून काढलंस. फिल्टर वरूनच हाताला लागत होता. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावलंस, कपाळाला कुंकू लावावं तसं. जमिनीवर एक थेंब नाही. आधी वर्तमानपत्र पसरलं होतंस, ते कोरं उचललंस आणि मला दाखवलंस.

ते काळं ऑईल तू गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून स्वयंपाकघरात सिंकखाली ठेवलंस, तेव्हा मात्र आपलं परत वाजलं. उद्या मी ह्यात भजी तळली असती! "तुला वास येत न्हाई व्हय?" तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी आपण कुपवाडला गेलो. तिथं जुनं ऑईल घेणारा एक माणूस आहे, त्याच्याकडं कॅन दिला. गटारात ओतायचं नाही, म्हणालीस, गटार नदीला जातं. वाटेत तू मला स्टिअरिंग दिलंस. त्या वयात मी गाडी शिकले, अक्का. कारखान्यांच्या मधल्या रस्त्यावर, सुट्टीच्या दिवशी, तू शेजारी बसून "क्लच! आगं क्लच!" ओरडत असताना. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझी बॅग माळ्यावर टाकली.

एवढंच होतं ते. वर्षातून दोन वेळा, सकाळची दोन कामं बाजूला ठेवून, पार्किंगच्या आपल्या जागेत दोन म्हाताऱ्या बायका गाडीचं ऑईल बदलत होत्या. कुणाचं काय जात होतं?

मग तो डाग.

आपल्या शेजारच्या जागेपाशी फरशीवर काळा डाग पडायला लागला. तू वाकून बोट लावलंस, वास घेतलास, आणि शेजारच्या गाडीखाली बघितलंस. अनिलरावांची मोठी डिझेल गाडी. खालून थेंब लोंबत होता. माझ्यासारखी असती तर गप्प बसली असती. तू तशीच दुसऱ्या मजल्यावर गेलीस. दार त्यांच्या बायकोनं, मेधानं उघडलं. अनिलराव आतून आले. तू काळजीनं गेली होतीस, मी तुझ्या मागं उभी होते, मी ऐकलंय. "आवं दादा, तुमच्या गाडीचं ऑईल गळतंय. सील गेलंय बगा. तसंच चालवू नका, इंजिन जाईल."

ते म्हणाले, "अक्का, गाडी सर्व्हिस सेंटरला जाते माझी. तुमच्यासारखं घरच्या घरी नाही करत आम्ही."

"कुठं का जाईना. गळतंय ते गळतंय."

दार लागलं. आणि त्याच आठवड्यात बोर्डावर सूचना लागली. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती केल्याने फरशी खराब होत आहे, सभेत विषय घेण्यात येईल.

त्या सभेतलं एकेक तोंड मला आठवतं. एक म्हणाला, पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. दुसरी म्हणाली, मुलं घसरून पडतील. एकानं तर आग लागण्याची भीती घातली. आणि वरच्या मजल्यावरचे ते रिटायर्ड साहेब हसत म्हणाले, "ह्या वयात जपमाळ धरायची, अक्का, पाना नाही." सगळे हसले. अनिलराव हसले नाहीत, ते लिहीत होते. तू उभी राहिलीस. "त्यो डाग माजा न्हाई. माजा असंल तर जिभंनं चाटून साफ करीन."

"मग कुणाचा आहे?" कुणीतरी विचारलं.

मी उठायला लागले होते. तू माझं मनगट धरलंस आणि खाली ओढलंस. इतक्या जोरात, की बांगडी वाकली. आणि म्हणालीस, "ते मी कशाला सांगू? मी माज्या गाडीचं ऑईल माज्या जागेत बदलतीया. सांडत न्हाई, वतत न्हाई. हे चालतंय का न्हाई, एवढंच सांगा."

नाही म्हणाले. हात वर करून करून नाही म्हणाले. ठराव झाला.

वर आल्यावर मी भांडी आपटली. सांगितलं का नाहीस? तो माणूस समोर बसून तुझ्यावर ठराव लिहितोय, त्याच्या गाडीचा डाग तुझ्या नावावर लागतोय, आणि तू मौन धरतेस? तू कुणापुढं गप्प बसलीस का आजपर्यंत, की नेमकी तिथंच बसलीस?

तू काय म्हणालीस, ते मी शब्द न् शब्द सांगते. "त्याचा डाग निघाला म्हणून मला परवानगी द्येणार व्हय? उद्या त्यानं सील बदललं, मग? मग परत माजा इचार करणार? त्यो चोर हाय म्हणून मी साव, असलं मला नगं. माजं काम सरळ हाय म्हणून मला पायजे."

"पण तसं मिळत नसतं, अक्का!"

"न मिळू दे."

न मिळू दे! किती सोपं. मला तेव्हाही पटलं नाही. ज्यांना साधी गोष्ट समजत नाही त्यांना डाग दाखवावाच लागतो, असं मी म्हणत राहिले. तू "झोप आता" म्हणत राहिलीस.

त्यामुळं पुढच्या खेपेला गाडी गॅरेजला द्यावी लागली. गॅरेजवाल्यानं वर तुला शहाणपण शिकवलं. वरनं ओढून गाळ राहतो मावशी, खालूनच सोडलं पाहिजे. सोडलं त्यानं खालून. बोल्ट मात्र नीट बसवला नाही.

आणि मग काकीचा निरोप आला.

आई गेल्यावर आपल्या दोघींना ज्या बाईनं वाढवलं, ती थोरली काकी वडूजजवळ आपल्या गावी शेवटचे श्वास घेत होती, आणि सारखी विचारत होती, "सुमी आली का?" कुसुम नव्हे. सुमी. तू. आपण तासाभरात निघालो. भर उन्हाळा. विट्याच्या पुढं माळ लागला, दोन्ही बाजूंना झाड नाही, आणि स्टिअरिंगपुढचा ऑईलचा लाल दिवा लागला. तू त्या क्षणी गाडी बाजूला घेतलीस. तरीही इंजिननं खडखड केलंच. उतरून बघितलं तर रस्त्यावर मागं लांबपर्यंत काळी रेघ. चेंबरचा बोल्ट कुठंतरी पडून गेला होता. आत ऑईल म्हणून राहिलं नव्हतं.

तू रस्त्याकडेला दगडावर बसलीस. मी येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. एक टेम्पो थांबला. कांद्याच्या पोत्यांवर बसून आपण गावात पोचलो, तेव्हा दारात माणसं उभी होती आणि आतून रडण्याचा आवाज येत होता. चुलतभाऊ म्हणाला, "अक्का, आत्ताच गं. थोडं आदी आली असतीस तर."

तू रडली नाहीस. काकीच्या पायाशी बसून तिच्या टाचांच्या भेगांवरून हात फिरवत राहिलीस.

अनिलराव, तुम्हाला हे माहीत आहे का? ठराव लिहिताना तुम्हाला वाटलं असेल, फरशीचा प्रश्न आहे. बघ अक्का, तुझ्याशी बोलता बोलता मी त्यांच्याशी भांडायला लागते. दिवसभर असंच चालतं माझं. लोक म्हणतील, ठरावाचा आणि त्या बोल्टाचा काय संबंध? गॅरेजवाल्याची चूक. काकीचं वय झालेलं. सगळ्याला उत्तर आहे ह्यांच्याकडे. पण पंप आल्यापासून तू तो बोल्ट उघडतच नव्हतीस! उघडायची गरजच राहू नये म्हणून तर तो पंप होता. ती एवढी साधी गोष्ट काढून घेतली, आणि तिच्याबरोबर काय काय गेलं.

गाडी ओढून आणून कुपवाडच्या वर्कशॉपला टाकली. इंजिन उघडलं. पार्किंगमधली आपली जागा मोकळी पडली, आणि शेजारचा तो डाग रोज ताजा होत होता! आपली गाडीच तिथं नव्हती आणि डाग वाढत होता. मी मोबाईल घेऊन खाली गेले. फोटो काढून सगळ्यांना पाठवणार होते. तू जिन्यात आडवी आलीस.

"न्हाई काढायचा."

"का?"

"माजी काकी गेली ह्याच्यात. मी आता ऑईलच्या डागावर भांडू?"

ह्यावर मला बोलता आलं नाही. तेव्हा आलं नाही. नंतर आलं. काकी गेली म्हणून तर भांडायला पाहिजे होतं. पुढं कितीतरी दिवस मी हे वाक्य मनात घोळवत होते, तुला ऐकवायचं म्हणून योग्य वेळ बघत होते. एखाद्या संध्याकाळी, तू बऱ्या मनःस्थितीत असताना. योग्य वेळ! तू आलं किसायला सांगितलंस आणि खाली बसलीस.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा इंजिनमध्ये ऑईल तू तुझ्या हातानं ओतलं होतंस, तिथं वर्कशॉपमध्ये उभी राहून. मिस्त्रीला म्हणालीस, "सर बाजूला, एवढं माजं मला करू दे." त्यानंतर तू ती गाडी फार चालवली नाहीस. बाजार, दवाखाना, एकदा हरिपूरला नदीवर. बस.

तर ती शोकसभा. स्वावलंबनाचं मूर्तिमंत उदाहरण. मग अनिलराव म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू." सगळे उठायला लागले. मी बसूनच राहिले. म्हटलं, "थांबा. आधी एक सांगा. स्वावलंबन म्हणजे अक्कानं काय केलं?"

अनिलरावांना कळेना. "म्हणजे... स्वतःची कामं त्या स्वतः करायच्या."

"कुठलं काम?"

"सगळीच. घरातली, बाहेरची..."

"एक सांगा. कुठलंही एक."

माईक नुसता घरघरत होता. अक्का, इतकी वर्षं मी मुलांना रांगेत उभं करून प्रश्न विचारले आहेत. उत्तर माहीत असून न देणाऱ्याचं तोंड मला लांबून ओळखता येतं.

"ती तिच्या गाडीचं ऑईल बदलायची," मी म्हटलं. "इथं. तुम्ही उभे आहात तिथं. तुम्ही ते बंद केलंत. तो ठराव आजही तसाच आहे. तो रद्द करा, मग मी उभी राहते."

रिटायर्ड साहेब म्हणाले, "कुसुमताई, ही शोकसभा आहे. विषयपत्रिकेवर..."

"शोकठराव करणार आहात ना? त्यातच घाला."

कुणीतरी मागं खोकलं. कुणीतरी "आत्ता नको हो" म्हणालं. तो डाग तिथंच होता, टेबलापासून चार पावलांवर, सतरंजीनं निम्मा झाकलेला. माझ्या जिभेवर होता. एक वाक्य, अक्का. तुमच्या सेक्रेटरींच्या गाडीखाली बघा. एवढं म्हटलं असतं तर त्या माणसाची त्या फोटोसमोर जी फजिती झाली असती, ती मी मनात शंभरदा बघितली होती. तू मनगट धरायला नव्हतीस.

मी नाही म्हटलं. मी म्हटलं, "तिचं काम सरळ होतं. तेवढ्यासाठी रद्द करा."

पहिला हात मेधाचा वर गेला. अनिलरावांच्या बायकोचा. ती मागच्या रांगेत उभी होती, नवऱ्याकडं न बघता, हात असा सरळ. तिनं त्या दिवशी दार उघडलं होतं. तिला सगळं माहीत होतं. मग तळमजल्यावरच्या काकूंचा. मग त्या 'मुलं घसरतील'वाल्या बाईचासुद्धा. साहेबांनी हात वर केला नाही. अनिलरावांनी सगळ्यांकडं बघितलं, खाली बसले, आणि लिहिलं. कान लाल झाले होते. मग मी उभी राहिले.

आता तू सुखी? तुझंच खरं झालं. डाग न दाखवता मिळालं. पण मेल्यावर मिळालं, अक्का! तू हयात असताना ह्यातला एक हात वर गेला नव्हता. ह्याला जिंकणं म्हणायचं असेल तर तू म्हण, मी म्हणणार नाही. मला तुझ्याशी हेच बोलायचं होतं, आणि तू समोर हवी होतीस. "बघ, मी म्हणत नव्हते?" असं तोंडावर म्हणायला तरी. मी चिडले असते, तू हसली असतीस.

रविवारी मी पंप काढला. शालीची घडी सोडताना दाजींचा आणि तुझा, दोघांचा वास आला. खाली जाऊन बॉनेट उघडलं. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. रिटायर्ड साहेब पिशवी घेऊन चालले होते, थांबून म्हणाले, "आम्हाला वाटलं, अक्का गेल्यावर तरी हे थांबेल."

"न्हाई थांबणार," मी म्हटलं.

इंजिन गरम केलं, बंद केलं, नळी तळाला टेकेपर्यंत ढकलली. दट्ट्या मारला. तो काळा धागा वर चढायला लागला आणि मग माझ्या लक्षात आलं, हे तर तू ओतलेलं ऑईल. वर्कशॉपमध्ये मिस्त्रीला बाजूला सारून तू ओतलंस ते. तुझा बाजार, तुझा दवाखाना, हरिपूर. माझे हात थांबले. नळीत अर्ध्यावर ऑईल थांबलं नाही, पंपाच्या ओढीनं ते येतच राहिलं. मी नुसती बघत राहिले.

पुढचं सगळं केलं. फिल्टर, रबराला बोट, नवं ऑईल, पट्टी पुसून मोजणं. वर्तमानपत्र कोरं निघालं. दाखवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन एकटी कुपवाडला गेले. तो जुनं ऑईल घेणारा माणूस मला ओळखत होता. "मोठ्या बाई नाही आल्या?" म्हणाला. मी मान हलवली. त्याला काय समजलं कोण जाणे. त्यानं कॅन घेतला, बूच काढलं, आणि नेहमीसारखा एका झटक्यात पिंपात उपडा केला. त्या पिंपात ट्रकांचं, ट्रॅक्टरांचं, कुणाकुणाचं ऑईल होतं.

"हळू!" मी ओरडले. काय झालं होतं मला! त्याच्या अंगावर धावून गेल्यासारखी ओरडले. "हळू ओता की जरा! घाई कसली एवढी?"

तो दचकला. कॅन सरळ केला. निम्मं ऑईल अजून आत होतं. माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं कॅन दोन्ही हातांत धरला, पिंपाच्या काठाला टेकवला, आणि उरलेलं अगदी बारीक धारेनं सोडलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत.